आठवत नाही, पण ओळखता येते

पासवर्डच्या रिकाम्या चौकटीखाली, लहान अक्षरांत, बहुधा निळ्या रंगात एक ओळ असते: 'पासवर्ड विसरलात?' गेल्या आठवड्यात एका रात्री मी त्या ओळीकडे बराच वेळ नुसती पाहत बसले होते. निमित्त साधे होते. धाकट्या भावाने कितीतरी वर्षांनी विचारले होते, 'ताई, शनिवारी खेळायचं का?' आम्ही दोघे एकेकाळी जो खेळ रात्र रात्र जागून खेळत असू, त्याचा नवा भाग आला होता आणि तो घ्यायचा तर त्या जुन्या खात्यातूनच घ्यायला हवा होता. कारण खात्याच्या वॉलेटमध्ये थोडी शिल्लक पडून होती आणि आमची जोडी, जमवलेली शस्त्रे, अर्धवट उलगडलेले नकाशे, सारे काही त्याच खात्याला बांधलेले होते. खात्याचे नाव मी बिनचूक लिहिले. मग बोटे पासवर्डच्या चौकटीवर आली आणि तिथेच थबकली. एक प्रयत्न चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्यानंतर खाते काही वेळासाठी बंद करण्यात आल्याची सूचना आली आणि खोलीत माझ्याखेरीज कोणी नसतानाही मला कोणीतरी दारातून परत पाठवल्यासारखे वाटले.

त्या पासवर्डची अक्षरे मला आठवत नव्हती, पण त्याचा नाद मात्र कानात स्वच्छ होता. जुन्या कीबोर्डवर तो उमटत असे तो असा: आधी शिफ्टच्या कळीवर करंगळीचा जड दाब, मग पाच-सहा कळा एका दमात, मग अगदी अल्पसा विराम, कारण हात वरच्या आकड्यांच्या ओळीकडे उचलावा लागे, आणि शेवटी दोन टणक ठोके. त्या कीबोर्डची एक कळ थोडी अडकत असे. तिच्यावर बोट नेहमी जरा जास्त रेंगाळत असे, इतके की ती अडकणेही त्या पासवर्डचाच एक भाग होऊन गेले होते. तो कीबोर्ड आता नाही. हातात काचेचा सपाट पडदा आहे, त्यावर सगळी अक्षरे सारखीच गुळगुळीत, सारखीच निःशब्द आहेत, आणि दोन अंगठ्यांना जे कधी शिकवलेच नव्हते ते त्यांच्याकडून मागण्यात अर्थ नव्हता. मी टेबलाच्या लाकडावर दहा बोटे ठेवून डोळे मिटून ती लय वाजवून पाहिली. लय आली, अक्षरे आली नाहीत.

मी तो पासवर्ड विसरले होते, असे म्हणणे मला अजूनही पूर्ण खरे वाटत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते त्याने स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजी. लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा विस्मरणाचा उतरता वक्र. सुरुवातीला झपाट्याने घसरणारा आणि पुढे संथ होत जाणारा. मला मात्र त्याच्या मोजण्याच्या रीतीचे जास्त मोल वाटते. एकही अक्षर आठवून सांगता येत नसले, तरी दुसऱ्यांदा शिकताना वेळ वाचतो, म्हणजे आत कुठेतरी काही शिल्लक असतेच. वॉलेटमधल्या शिल्लक रकमेइतकीच ती शिल्लक खरी असते, फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग हरवलेला असतो. आठवणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे आपण रोज अनुभवतो. रस्त्यात दिसलेल्या माणसाचे नाव आठवत नाही, पण कोणी चुकीचे नाव सुचवले तर 'ते नाही' हे मात्र आपण ठामपणे सांगतो. मलाही त्या रात्री माझा प्रत्येक चुकीचा अंदाज लिहितानाच चुकीचा वाटत होता. बरोबर काय, तेवढे ठाऊक नव्हते.

अखेर मी त्या निळ्या ओळीवर बोट ठेवले. ईमेलचा पत्ता विचारला गेला, तो दिला, आणि पडद्यावर वाक्य आले: 'या पत्त्यावर खाते असल्यास आपणास लिंक पाठवण्यात आली आहे.' असल्यास! मला हा शब्द बोचला. इतकी वर्षे ज्या खात्यात मी पैसे भरले, त्याला मी आहे की नाही हेही ठरवता येऊ नये? थोड्या वेळाने, राग ओसरल्यावर, त्या 'असल्यास'मागचा विचार ध्यानात आला. खाते आहे किंवा नाही, असे स्पष्ट उत्तर तिथे मिळाले असते, तर कोणालाही हजारो पत्ते एकेक करून टाकून पाहता आले असते आणि त्यांपैकी कोणाची खाती इथे आहेत याची यादी विनासायास हाती लागली असती. खेळांच्या खात्यांवर अशी नजर असतेच. त्यांत साठवलेले कार्ड असते, शिल्लक असते, भेट म्हणून दुसऱ्याला देता येणाऱ्या वस्तू असतात, आणि पुष्कळदा ते खाते एखाद्या मुलाचे व कार्ड त्याच्या आईवडिलांचे असते. दुसऱ्या कुठल्या तरी संकेतस्थळावरून फुटलेले पासवर्ड यंत्राकरवी इथे लावून पाहिले जातात, आणि एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणाऱ्यांची दारे त्यामुळे आपोआप उघडतात. मीही त्या वापरणाऱ्यांपैकीच होते, हे मला त्या क्षणी आठवायला नको होते, पण आठवले.

लिंक आली. ती थोड्याच मिनिटांपुरती आणि एकदाच चालणार होती. मला खरे तर नवा पासवर्ड नकोच होता. मला माझा जुना परत हवा होता. त्यांनी तो कुठेतरी नोंदवलेला असणार, मग मी मीच असल्याची खात्री करून घ्यावी आणि तो मला सांगावा, इतकेच माझे म्हणणे होते. या बालिश वाटणाऱ्या मागणीचे उत्तर असे की, नीट बांधलेल्या व्यवस्थेत तो नोंदवलेला नसतोच. आपण लिहिलेल्या अक्षरांवर गणिती प्रक्रिया होऊन त्यांचा एक 'हॅश' तयार होतो आणि केवळ तोच जपला जातो. राखेवरून लाकडाचा आकार सांगता येत नाही, तसे त्या हॅशवरून मूळ शब्दाकडे उलटे जाता येत नाही. पुढच्या वेळी आपण जे लिहितो त्याचाही हॅश काढला जातो, दोन्ही जुळले की दार उघडते. म्हणजे माझ्या पासवर्डच्या बाबतीत त्या सर्व्हरची अवस्था थेट माझ्यासारखीच होती. त्यालाही तो आठवत नव्हता, पण समोर आला असता तर ओळखता आला असता. हे समजल्यावर मनातली तक्रार विरघळली आणि तिच्या जागी एक विचित्र सोबतीची भावना आली, जी मी कोणाला सांगितली नाही.

ही समजूत आपोआप आलेली नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी एकाच संगणकावर अनेकांना आळीपाळीने काम करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली घडवत होते. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळ त्यानेच वापरावा, म्हणून तिथे पासवर्ड आले. ॲलन शेर या संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडे. १९६२ साली त्याने सर्वांच्या पासवर्डची फाईल छापून घेण्याची युक्ती काढली आणि इतरांच्या नावावर काम चालू ठेवले. सगळे पासवर्ड जसेच्या तसे एका फाईलीत होते, म्हणूनच हे साधले. १९६६ साली तर त्याच प्रणालीत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर त्या दिवसाच्या निरोपाऐवजी सर्वांचे पासवर्ड उमटले. पुढे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी १९७९ साली युनिक्स या संगणकप्रणालीच्या अनुभवावर लिहिलेल्या निबंधात, पासवर्ड साठवूच नये, त्याचे रूपांतर तेवढे साठवावे, आणि दोघांचे पासवर्ड एकच असले तरी रूपांतरे वेगळी दिसावीत म्हणून प्रत्येकात 'सॉल्ट' नावाची थोडी यदृच्छ भर घालावी, याची मांडणी केली. तरीही समाजमाध्यमांसाठी छोटी ॲप्स बनवणाऱ्या रॉकयू या कंपनीच्या साठ्यातून २००९च्या डिसेंबरमध्ये ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेव्हा ते उघड्या अक्षरांत होते, आणि त्यांत सर्वाधिक वेळा आलेला पासवर्ड १२३४५६ हा होता. जुना पासवर्ड ईमेलने जसाच्या तसा पाठवणारे एखादे संकेतस्थळ कधी भेटले, तर ती मदत समजून सुखावू नये. तिथून आपले कार्ड आधी काढून घ्यावे.

ज्या १९६२ साली शेरने ती फाईल छापली, त्याच वर्षी त्याच संस्थेत, दुसऱ्या एका यंत्रावर, स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ उभा केला. दोन याने, मधोमध एक तारा, आणि समोरासमोर दोन खेळाडू. पासवर्ड आणि संगणकावरचा खेळ हे असे एका छपराखाली वाढलेले आहेत, आणि काही काळ तर ते एकरूपही झाले होते. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करण्यासाठी २० जपानी अक्षरांचा एक मंत्र मिळत असे; पुढल्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत लांबला. खेळ ज्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, येई तिच्यात खेळाडूची प्रगती साठवायची सोय नव्हती, म्हणून त्याचे बळ, त्याचे धन, त्याने कमावलेल्या वस्तू हे सगळे त्या अक्षरांतच गुंफलेले असे. यंत्र बंद केले की ते खेळाडूला पूर्ण विसरून जाई. जे काही उरे ते वहीतल्या त्या ओळीत. एक अक्षर चुकीचे उतरले, एक टिंब राहून गेले, की कित्येक दिवसांचा प्रवास पुसला जाई, आणि तिथे 'पासवर्ड विसरलात?' असे विचारणारे कोणीही नसे. माझ्या खात्यात आता अगदी उलटे झाले होते. आमचे नकाशे, आमची शस्त्रे, आमचा प्रत्येक व्यवहार सर्व्हरला तंतोतंत आठवत होता. विसरला होता तो शब्द तेवढा, आणि त्या शब्दात आता काहीच साठवलेले नव्हते. निदान मला त्या वेळी तसे वाटले.

लिंक उघडली, तर पुढची पायरी आली. खात्याला वॉलेट जोडलेले असल्यामुळे नोंदवलेल्या फोनवर सहा आकडी कोड पाठवण्यात आला होता. फोन क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्या क्रमांकाचे नव्हते.

ते भावाच्या क्रमांकाचे होते. खाते उघडले त्या दिवशी फोन त्याचा हाताशी होता, एवढेच कारण. मी त्याला लिहिले, 'तुला एक कोड आला असेल, तो पाठव.' त्याने कोड पाठवला नाही. काही क्षणांनी त्याचा फोन आला आणि नेहमीच्या 'बोल ताई'ऐवजी तो एकदम म्हणाला, 'आधी सांग, त्या दलदलीतल्या पुलावर आपण नेहमी कोणाला मागे ठेवायचो?' मला आधी समजेना. मग समजले, आणि घशात काहीतरी दाटून आले. मी म्हणाले, 'तुला. कारण धनुष्य तुझ्याकडे असायचं आणि मला नकाशा धरून पुढे जावं लागायचं.' तो थोडा थांबला. 'बरं. लिहून घे,' म्हणाला. तेवढ्यात त्या कोडची मुदत संपली होती आणि दुसरा मागवावा लागला. फोनवर मागितलेला कोड कोणालाही, अगदी जवळच्या माणसालाही, घाईने देऊ नये हे त्याने बरोबरच केले होते. दुसऱ्याच्या खात्यातून 'मी अडकलोय, कोड पाठव' असे निरोप येतात, आणि आता आवाजाची नक्कलही करता येते. तरी त्याने माझ्यावर संशय घेतला, ही एक बारीक कुसळासारखी भावना मनात राहिलीच, आणि त्याने माझी इतकी काळजी घेतली, ही दुसरी भावना तिच्या शेजारीच बसून राहिली. दोन्हींना मी तसेच राहू दिले.

खात्यात सुरक्षेसाठी एक प्रश्नही नोंदवलेला होता: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव काय? माझ्याकडे कधीच पाळीव प्राणी नव्हता. त्या वेळी काहीतरी खोटे नाव लिहून मी पुढे गेले असणार, आणि ते खोटे नाव तर पासवर्डच्याही आधी विसरले होते. असे प्रश्न तयार करणाऱ्यांना वाटत असते की माणसाच्या आयुष्यातल्या नोंदी म्हणजे माणूस. पण शाळेचे नाव, आईचे माहेरचे आडनाव, जन्माचे गाव या गोष्टी शोधणाऱ्याला सापडतात. पुलावर मागे कोण राहायचे, हे कुठेच लिहिलेले नाही. भावाचा प्रश्न त्या छापील प्रश्नापेक्षा किती तरी अचूक होता, आणि तो त्याला आयत्या वेळी सुचला होता.

कोड स्वीकारला गेला आणि नव्या पासवर्डची चौकट समोर आली. किमान एक मोठे अक्षर, किमान एक आकडा, अशी नियमावली तिच्याखाली होती. हे नियम जगभर पसरले त्यामागे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेली मार्गदर्शिका मोठ्या प्रमाणावर होती. २०१७ साली त्या संस्थेने अशा सक्तीची गरज नसल्याचे नव्या मार्गदर्शिकेत मांडले, आणि आपल्या त्या जुन्या सल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा खेद वाटतो असे बर यांनीही त्याच वर्षी सांगितले. सक्ती केली की बहुतेक माणसे पहिले अक्षर मोठे करतात आणि आकडे शेवटी चिकटवतात, हे अंदाज बांधणाऱ्यांना पाठ झालेले असते. मी तो नियम वाचत होते, जुना पासवर्ड आठवण्याचा प्रयत्न आता पुरता सोडून दिला होता, आणि काहीतरी लिहायचे म्हणून अंगठे हलवले. करंगळीची जागा अंगठ्याने घेतली, मोठे अक्षर उमटले, त्यामागून बाकीची अक्षरे न विचारता आली, आणि शेवटी दोन आकडे. चौकटीखाली लाल अक्षरांत सूचना आली: 'हा आपला पूर्वीचा पासवर्ड आहे. कृपया वेगळा पासवर्ड निवडा.'

त्याने तो ओळखला होता.

मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. खिडकी मिटून टाकली असती, तर जुन्याच शब्दाने आत जाता आले असते; बदल पूर्ण होईपर्यंत तो अजून चालू होता. मन तसेच करावे म्हणत होते. त्या शब्दात एका काळातली आम्ही दोघे होतो, उशिरापर्यंतचे दिवे होते, हेडफोनमधून येणारा त्याचा दबका श्वास होता, दुसऱ्या खोलीत कोणी जागे होऊ नये म्हणून गिळलेले हसू होते. पण तो शब्द आखूड होता, कोणत्याही कोशात सापडण्याजोगा होता, आणि मी तो आणखी दोन ठिकाणी वापरत होते. वॉलेटच्या दारावर त्याला ठेवणे योग्य नव्हते. पासवर्ड बनवून आपल्यासाठी जपून ठेवणाऱ्या पासवर्ड मॅनेजरला मी नवा पासवर्ड बनवायला सांगितले. त्याने अक्षरांची आणि चिन्हांची एक लांब, अर्थहीन माळ दिली. तिला लय नाही. ती माझ्या बोटांना कधी शिकावी लागणार नाही आणि म्हणून ती मला कधी विसरताही येणार नाही, हे चांगलेच आहे, असे मी स्वतःला सांगितले, आणि चौकट भरली.

मग सगळे भराभर झाले. बाकीच्या सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढण्यात आले, पासवर्ड नुकताच बदलला असल्याने दुसऱ्याला भेट पाठवण्याची सोय काही दिवस बंद राहील असा निरोप आला, साठवलेल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले, ते कार्ड केव्हाच मुदत संपून गेलेले होते, मी ते काढून टाकले. शिल्लक जशीच्या तशी होती. उरलेल्या दोन ठिकाणीही त्याच रात्री पासवर्ड बदलले.

भाऊ अजून फोनवरच होता. 'झालं का?' त्याने विचारले. झाले, म्हणाले. 'मग जुना काय होता गं? मलाही आठवत नाहीये.' आता सांगायला हरकत नव्हती. तो शब्द आता कोणतेच दार उघडत नव्हता. इथे तो लिहिण्याचे मात्र अजून धाडस होत नाही. मी त्याला शब्द सांगितला, आणि आकडे सांगणार तोच ते दोन्ही आकडे त्यानेच उच्चारले. ते त्यानेच निवडले होते. नियमाला आकडे हवेत म्हणून त्याने सुचतील ते दोन टाकले असावेत, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. तो म्हणाला, 'तेवढ्या वेळा हरलो होतो ना आपण त्या पुलावर. मी मोजत होतो.'

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, 'शनिवारी पुलावर कोण थांबणार?'